परबांच्या पायाखालची उशी

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते खरं सांगायचं तर हसायला. पिंपळ, पांढरी साडी, मागून येणारी हाक... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून चहाबरोबर खिदळायचो. माझं माहेर मुलुंडचं, बाबा बँकेत. देवावरसुद्धा आमच्याकडे बेताचाच विश्वास, तिथे भुतांना कोण विचारतो! त्यात मी फिजिओथेरपिस्ट. हाड, सांधा, स्नायू — ज्याला हात लावता येतो तेवढंच खरं, असं मी जन्मभर मानलं. आजही मानते. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही, आणि ती मी आईबाबांनाही कधी सांगितली नव्हती. आता रिटायर झालेय, कोणी वेडी म्हटलं तरी बिघडत नाही, म्हणून लिहिते.

चौऱ्याऐंशी साल. मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते. तेव्हा हा कोर्स कोणाला धड माहीत नव्हता. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे मालिश शिकतेस का गं?" मी चिडायचे. शैला मात्र शांतपणे सांगायची, "हो काकू, या कधी घाटकोपरला, तुमचा सांधान् सांधा मोकळा करते."

शैला माझी पार्टनर. आमच्यात पार्टनर म्हणजे नुसती शेजारी बसणारी नव्हे. प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकींच्या अंगावरच शिकायचो. आज मी पेशंट, ती थेरपिस्ट, उद्या उलट. त्यामुळे तिच्या हातांची मला जितकी ओळख होती तितकी माझ्या आईच्या हातांचीही नव्हती. आणि शैला डावखुरी होती. बँडेज बांधताना आम्ही सगळ्या जणी गुंडाळी उजव्या हातात धरून डावीकडून उजवीकडे फेरा घ्यायचो. तिचा फेरा उलटा, उजवीकडून डावीकडे. शेवटची पिनसुद्धा उलट्या तोंडाने. मॅडमनी वर्षभर ओरडून पाहिलं, मग नाद सोडला, कारण बँडेज तिच्याइतकं एकसारखं कोणाचंच बसायचं नाही. "तुझ्या पायाला माझा उलटा फेराच सूट होतो यार," असं म्हणून ती माझ्या घोट्यावर टपली मारायची.

त्या वर्षी आमची पोस्टिंग उपनगरातल्या एका हॉस्पिटलात होती. तिथे दत्ताराम परब आमच्या वाट्याला आले. चाळिशीचे, मूळचे मालवणकडचे. गिरणी संपात बसली, तेव्हापासून एका गोडाऊनमध्ये माल उतरवायचं काम करत होते. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा घसरला आणि डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्यांच्या मेव्हण्याने एका कारखान्याच्या गेटवर जागा धरून ठेवली होती. मालकाची अट एकच — दिवाळीनंतर हा माणूस स्वतःच्या दोन पायांवर उभा राहून कामावर आला पाहिजे. घरात मिळवणारी एकटी बायको, लक्ष्मीवहिनी. ती लोकांकडे पोळ्या करायला जायची. म्हणजे नकली पाय बसला तर घर उभं राहणार, नाहीतर बसलंच.

आता नकली पाय बसायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उरलेला पाय, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो रोज नीट आवळून बांधायचा — टोकाला घट्ट, वर येताना सैल — म्हणजे सूज उतरून तो निमुळता होतो. आणि गुडघा सरळ ठेवायचा. गुडघ्याखाली उशी अजिबात घ्यायची नाही! उशीने पेशंटला बरं वाटतं, पण गुडघा वाकून तसाच आखडतो, आणि वाकलेल्या गुडघ्याला पाय बसत नाही. हे आम्ही सांगून सांगून थकायचो. कारण उशी ठेवणारा वैरी नसतो ना, घरातलं सगळ्यात मायेचं माणूस असतं.

परबांकडे ते माणूस म्हणजे त्यांची आई. म्हाताऱ्या आजी, डोळ्यांत मोतीबिंदू, चाचपडत वॉर्डात यायच्या आणि मुलाच्या पायाखाली घरून आणलेली उशी सरकवायच्या. शैला ती काढायची. आजी परत ठेवायच्या.

"झिलाचो पाय लोंबता गो," आजी कळवळून म्हणायच्या. "उशी दिली काय तेका बरा वाटता."

"ए म्हातारे, पोराला चालताना बघायचंय की लोळताना?" असं म्हणून शैलाने एकदा ती उशी काढली आणि आजींच्याच पाठीमागे भिंतीला लावून दिली. "ही तुझ्या कंबरेला. आता टेकून बस आणि मला गावच्या गोष्टी सांग." आजी खूश! तेव्हापासून तो रोजचाच खेळ झाला. आजी उशी पायाखाली ठेवायच्या, शैला ती काढून त्यांच्या पाठीला लावायची. बडबड अखंड चालू. आजींना तिचा चेहरा धूसरच दिसत असणार, पण आवाजावरून त्या तिला वॉर्डाच्या दारातच ओळखायच्या.

परबांना घरी सोडलं, पण घर असल्फ्याच्या टेकडीवर. पायऱ्या पायऱ्यांची वाट, कुबड्यांवर खाली उतरणं अशक्य. बँडेज कोण बांधणार? आजींना दिसत नाही, वहिनी दिवसभर बाहेर, आणि स्वतः बांधायला गेले की परबांचं बँडेज हमखास ढिलं पडायचं. शैला घाटकोपरलाच राहायची. "मी जाते दुपारी जेवणानंतर. दादांना उभं केल्याशिवाय सोडत नाही बघ," ती म्हणाली. कोणी सांगितलं नव्हतं, आणि रोज ती टेकडी चढणं म्हणजे गंमत नव्हती. पण ती जात राहिली.

गणपतीत तिला कावीळ झाली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, वडापाव कमी खा म्हणालो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तिला अॅडमिट केलं. मी भेटायला गेले तर डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले. मला ओळखलं की नाही तेही कळेना. मग एकदम माझं मनगट धरलं — डाव्या हाताने — आणि म्हणाली, "उशी काढ गं. म्हातारी परत ठेवेल."

त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांत शैला गेली. वीस वर्षांची पोर. तिच्या वडिलांना मी स्मशानातून परत येताना पाहिलं, ते चप्पल घालायला विसरले होते. त्या दिवसांचं मला आजही लिहवत नाही.

परबांचं घर फक्त तिलाच माहीत होतं. वॉर्डातल्या सिस्टरकडून पत्ता मिळवून मी तिथे पोचले तेव्हा पितृपक्ष निम्मा सरला होता. टेकडी चढताना मनात एकच — इतके दिवस बँडेज नाही, वर ती उशी. स्टंप सुजून भोपळा झाला असणार, गुडघा वाकलेला असणार. माप घ्यायची तारीख नवरात्रात होती. ते चुकलं की दिवाळी गेली, जागा गेली. आणि शैला गेली हे या लोकांना मी सांगायचं कसं?

दार उघडंच होतं. परब खाटेवर झोपलेले. दुखण्याची गोळी ते जेवणानंतर घ्यायचे, मग तास-दोन तास मेल्यासारखे झोपायचे. पाय सरळ. गुडघा खाटेला अगदी टेकलेला. पायाखाली काही नाही. उशी आजींच्या पाठीला होती.

मी वाकून बँडेज पाहिलं. टोकाला घट्ट, वर सैल, एकसारख्या तिरप्या पट्ट्या. फेरा उजवीकडून डावीकडे. पिन उलट्या तोंडाने. असं बँडेज मी स्वतःच्या पायावर कितीदा बांधून घेतलं होतं... त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"कोण गो?" आजींनी विचारलं.

"मी नीला. शैलाबरोबर वॉर्डात यायचे. आजी, हे बँडेज कोणी बांधलं?"

"कोण म्हंजे? ता डावऱ्या हाताचा चेडू. रोज येता ना दुपारचा." चेडू म्हणजे त्यांच्या मालवणीत मुलगी.

"आजसुद्धा?"

"तुझ्या वायच आधी गेला."

मी पिन पुन्हा एकदा हात लावून पाहिली. तेवढ्यात परब जागे झाले आणि बँडेजकडे बघून म्हणाले, "शैलाताई येऊन गेल्या वाटतं. माझं नशीबच फुटकं, हल्ली त्या येतात तेव्हा मी नेमका झोपलेला." त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि मी... मी सांगितलं नाही.

समोरच्या खोलीतल्या तावडेबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या वाटेने मांजर गेलं तरी त्यांना कळायचं. त्यांना विचारलं, परबांकडे आत्ता कोण आलं होतं? "कोण नाय बा. तूच आलीस." संध्याकाळी लक्ष्मीवहिनी आल्या. त्या म्हणाल्या, शैलाताईच येत असणार, मी तर घरी नसते. बँडेज सोडून त्यांना बांधायला सांगितलं, तर त्यांचा फेरा कुठच्या कुठे गेला.

मला भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त राग आला. कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. आमच्या बॅचमध्ये दुसरी डावखुरी नव्हती, तिच्या घरात नव्हती, आणि कॉलेजात कोणाला हे घरही माहीत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेले. जुनं बँडेज सोडलं, नवीन माझ्या हाताने बांधलं, उजव्या फेऱ्याने, पिन माझ्या बाजूने. आजींनी पायाखाली ठेवलेली उशी मुद्दाम तशीच राहू दिली आणि खाली बसस्टॉपजवळ जाऊन उभी राहिले. उन्हं कलल्यावर परत आले. फेरा उलटा झालेला होता. उशी आजींच्या पाठीला.

मग एक दिवस मी तिथेच बसायचं ठरवलं. सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. वहिनींनी कामाला दांडी मारून स्वयंपाक केला होता. आजींच्या सांगण्यावरून त्यांनी पत्र्यावर कावळ्यासाठी दोन पानं ठेवली, भात, वडे, खीर. एक पान परबांच्या वडिलांचं, हे मला कळलं. "दुसरं कोणाचं?" मी सहज विचारलं. आजी म्हणाल्या, "आसा एक." आहे कोणीतरी, एवढंच.

जेवून वहिनी भांडी घेऊन नळावर गेल्या. परब झोपले. मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले, पायाकडे बघत. बाहेर कुठेतरी रेडिओ चालू होता. आजी भिंतीला टेकलेल्या, उशीशिवाय. ऊन दारातून सरकत सरकत उंबऱ्यावर आलं. काही म्हणजे काही झालं नाही. निघताना मीच बँडेज बांधून दिलं, आणि मला स्वतःचंच हसू येत होतं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "आज नाय इला ता. तू बसलंस ना, म्हणान."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर स्टंपचं टोक सुजलेलं होतं. माझं बँडेज ढिलं पडलं होतं. एका दिवसात एवढी सूज! माप घ्यायला थोडेच दिवस उरले होते.

त्यानंतर मी दुपारी तिथे थांबले नाही. वाचणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. वैज्ञानिक म्हणवणारी मुलगी, छडा लावायचा सोडून पळाली. पण मला तेव्हा छडा नको होता, परबांचा पाय हवा होता. तिलाही तेच हवं होतं. मी कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जायचे, व्यायाम करून घ्यायचे, कुबड्यांवर उभं करायचे. दुपारच्या बँडेजला हात लावायचे नाही. परब रोज विचारायचे, "शैलाताईंना सांगा हां, आज बराच वेळ उभा राहिलो." मी म्हणायचे, सांगते. खाली उतरताना मात्र टेकडीवरच्या त्या पायऱ्यांवर बसून मी रडायचे. मैत्रीण गेली याचं दुःख तरी नीट करता यावं ना! मला तेवढंही करता येत नव्हतं, कारण ती गेली असं त्या घरात म्हणायची सोय नव्हती. सांगितलं आणि दुपारचं येणं थांबलं तर?

नवरात्रात चौघांनी खुर्चीत बसवून परबांना खाली आणलं. माप घेणाऱ्या माणसाने स्टंप हातात धरून फिरवून पाहिला आणि विचारलं, "बँडेज कोण बांधतं? असा स्टंप आमच्याकडे क्वचित येतो." परब म्हणाले, "आमच्या शैलाताई." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दिवाळीला चार-पाच दिवस असताना पाय आला. वहिनींनी उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढली होती. मी पट्टे आवळले, परबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उभे राहिले. आधी डगमगले, मग स्थिर झाले. खाटेपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. वहिनी पदर तोंडात धरून रडत होत्या. तावडेबाईसुद्धा दारात येऊन डोळे पुसत होत्या. आजी पुढे सरकल्या आणि दोन्ही पाय हातांनी चाचपून बघू लागल्या, खरा आणि खोटा.

"पण शैलाताई कुठायत?" परब म्हणाले. "आज तरी जागेपणी भेटायला हव्या होत्या. त्यांनी पहिलं बघायला हवं हे."

आता मात्र माझ्याने राहवलं नाही. सांगितलं सगळं. कावीळ, गणपती, कुठल्या दिवशी ते. परब खाटेवर बसले. वहिनी म्हणाल्या, "असं कसं? मग रोज दुपारी..."

आजी तेवढ्या शांत होत्या.

"माका ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "ता चेडू बडबड्या. दारात पाय ठेवता ठेवता 'ए म्हातारे' करूचा. गणपती गेल्यावर इला ता बोलाना. येय, उशी काढी, माझ्या पाठीक लावी, बांधी नि जाय. एक शब्द नाय. मी तेव्हाच समजलंय."

"मग आई, तू बोलली का नाहीस?" परब म्हणाले.

"मी तोंड उघडला असता तर ता येवचा थांबला असता. तुका पाय होयो होतो रे."

म्हणजे आजी आणि मी, आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि एकाच कारणासाठी. पत्र्यावरचं ते दुसरं पान कोणाचं होतं ते मला आत्ता कळलं. माझ्या आधी, आम्हा सगळ्यांच्या आधी, त्या म्हातारीने शैलाला जेवायला घातलं होतं.

मी निघाले तेव्हा आजींनी माझा हात धरून ठेवला. "आता तिका कोण सांगतलो गो," त्या म्हणाल्या, "झिलाचो पाय बसलो म्हणान?"

मी तो हात थोपटला आणि टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालायचा सराव घ्यायला गेले. परब दारातच उभे होते, पाय लावून, चेहरा पडलेला. जेवणानंतर पाय काढून, स्टंपला बँडेज स्वतःच बांधून ते आडवे झाले होते. जाग आली तेव्हा बँडेज सुटलेलं होतं. नकली पाय खाटेला टेकून सरळ उभा करून ठेवला होता, बूट बाहेरच्या बाजूला, जसा पेशंटला चटकन घालता यावा म्हणून आम्हाला ठेवायला शिकवत. आणि आजी झोपल्या होत्या, त्यांच्या पाठीमागच्या उशीवर बँडेजची गुंडाळी होती. कडा जुळवून, घट्ट, उलट्या बाजूने गुंडाळलेली. पेशंटचं काम झालं की बँडेज धुऊन, गुंडाळून परत कपाटात ठेवायचं, हा आमच्या डिपार्टमेंटचा नियम. शैला ते सगळ्यात नीट करायची.

त्यानंतर तिथे कधीही काही झालं नाही. परब दिवाळीनंतर कामावर गेले. रात्रीचं बँडेज ते स्वतः बांधायला शिकले, थोडं ओबडधोबड, पण चालण्यासारखं. आजी पुढच्या पावसाळ्यात गेल्या.

डोकं आपटून झालं माझं. परब झोपेत स्वतःच बांधत असतील? त्यांना जागेपणी जमत नव्हतं. आजी? त्यांना पिनही दिसायची नाही. मीच दुःखाने भ्रमिष्ट झाले होते म्हणावं, तर माप घेणाऱ्या माणसाने हातात धरला तो स्टंप भ्रमाने तयार झाला नव्हता. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

ती गुंडाळी परबांनी मला देऊन टाकली. माझ्या कपाटात आहे. कापड पिवळं पडलंय, पण अजून तशीच घट्ट आहे. पुष्कळदा हातात घेते. सोडून मात्र कधी पाहिली नाही — उलट्या फेऱ्याची गुंडाळी मला परत तशी गुंडाळता येणार नाही.